हौद्यातला माल आणि मागचा ट्रेलर: रेंज नक्की कशाने पडते?

‘इलेक्ट्रिक पिकअपवर वजन पडलं की रेंज निम्मी होते,’ असं रेंजबद्दल, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये गाडी जेवढं अंतर जाते त्याबद्दल, सर्रास ऐकू येतं. या वाक्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे: हौद्यात भरलेला माल आणि मागे जोडलेला ट्रेलर.

आधी हौदा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०२३ मध्ये फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये सुमारे ६३५ किलो वाळूची पोती भरून पाहिली. क्षमतेच्या अगदी काठापर्यंत. रिकाम्या गाडीची रेंज ४४७ किलोमीटर भरली होती, ती ३३८ वर आली. एक चतुर्थांश गेली. कमी नाही, पण निम्मीही नाही. वजनाने टायर जास्त दबतात, चढावर जोर लागतो, प्रत्येक सिग्नलला तेवढा भार नव्याने हलवावा लागतो. मात्र उतारावर आणि वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते आणि त्यातली थोडी वीज बॅटरीत परत येते. टायरच्या घर्षणात गेलेली गेलीच.

ट्रेलरचं गणित निराळं. ‘मोटरट्रेंड’ या अमेरिकी वाहन-मासिकाने २०२२ मध्ये याच मॉडेलला वेगवेगळ्या वजनांचे कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेले ट्रेलर, जोडले. सुमारे १,४२५ किलोच्या कॅम्परसह रेंज १८५ किलोमीटर, ३,२७५ किलोच्या कॅम्परसह १४५. वजन दुपटीहून जास्त, फरक अवघा ४० किलोमीटरचा! त्यांच्या चाचणीत ट्रेलरशिवाय ही गाडी ४१० जात होती, म्हणजे खरा फटका हलका कॅम्पर जोडताक्षणीच बसला. त्याची उभी, रुंद भिंत हवा अडवते आणि हवेला वजनाशी देणंघेणं नसतं, वेगाशी असतं. ताशी ११२ वरून ९६ वर आलात, तर हवेचा रेटा चौथाईहून जास्त उतरतो.

म्हणूनच हौद्यात उंच कपाट उभं केलं, तर ते हलकं असूनही हायवेवर रेंज खातं. उलट आपल्याकडचा इलेक्ट्रिक छोटा हत्ती गल्लीबोळांत थांबत-सुटत फिरतो, तिथे वजनच बघायचं.

ट्रेलरवाल्यांना आणखी एक ताप: अमेरिकेतले बरेच चार्जिंग पॉइंट कार लावायच्या बेतानेच बांधलेत. आधीच रेंज कमी, त्यात प्रत्येक थांब्यावर ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. पोती भरलेल्या पिकअपला ही भानगड नाही.