बीकरमधलं नॅनो : सोलापूरच्या संशोधनामागची दीडशे वर्षं

सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पीएचडीचे प्रबंध चाळले, तर काही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड, मँगनीज ऑक्साइड. पद्धत बहुधा 'रासायनिक', शीर्षकात 'नॅनो' (म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजण्याइतकं बारीक) हमखास, आणि शेवटच्या प्रकरणात कित्येकदा मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी उजेडात ठेवून फिकं केल्याचा आलेख. बाहेरच्या वाचकाला हे एकसुरी वाटेल. पण हेच पदार्थ, हीच पद्धत आणि हाच रंग इथं कसा रुजला, त्याची गोष्ट बरीच मागे जाते, आणि ती वाटते तितकी परदेशी प्रयोगशाळांची नाही.

सुरुवात मात्र लंडनची. १८५७ साली मायकेल फॅरेडेनं सोन्याच्या क्षाराचं द्रावण फॉस्फरसनं क्षपित केलं, म्हणजे क्षारातलं सोनं मोकळं केलं, आणि बाटलीत माणकासारखा लाल द्रव उतरला. हा लाल रंग म्हणजे नवं संयुग नव्हे, ते सोनंच आहे, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपातलं, असं त्यानं सांगितलं. कण इतके बारीक झाले की धातूचा प्रकाशाशी वागण्याचा ढंगच बदलतो. त्याचं गणित जर्मनीच्या गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलं. मधल्या काळात रिचर्ड झिगमोंडी यांनी असे कण पाहता येतील असा अतिसूक्ष्मदर्शक घडवला. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे 'आकार बदलला की गुणधर्म बदलतात' हे नॅनोचं मूळ सूत्र, 'नॅनो' हा शब्द विज्ञानात रूढ होण्याच्या कितीतरी आधी हाती आलं होतं.

या विषयावरच्या लेखांत रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ च्या भाषणाला मानाचं पान मिळतं. भाषण सुरेखच आहे. पण प्रत्यक्षात कण तयार करणाऱ्यांनी त्याची वाट पाहिली नव्हती. सोन्याच्या क्षाराचं द्रावण उकळत ठेवून त्यात सायट्रेट घालायचं आणि जवळपास एकसारखे कण मिळवायचे, ही टर्केविच यांची कृती १९५१ ची आहे आणि आजही एमएस्सीच्या विद्यार्थ्याला पहिली तीच शिकवतात. कण आधी भराभर जन्माला येतात, मग जन्म थांबतो आणि आहेत तेच वाढत जातात, म्हणून ते सारख्या आकाराचे होतात, हे ला मेर आणि डायनेगर यांनी १९५० मध्येच सांगून ठेवलं होतं. माझ्या मते या विद्येचा खरा वंश भाषणांतून नाही, असल्या उकळत्या भांड्यांतून चालत आला आहे.

आपल्याकडे ती आली तीही भांड्यातूनच. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. सोलापूरची महाविद्यालयं २००४ पर्यंत त्याच विद्यापीठाशी जोडलेली होती; इथल्या मुलांचा संशोधनाचा रस्ता म्हणून कोल्हापूरला जायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर सौर घटांवर काम सुरू झालं आणि स्वस्त पातळ थरांचा शोध घेणाऱ्यांत कोल्हापूरची प्रयोगशाळाही होती. काचेवर अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) थर चढवायचा तर निर्वात यंत्रणा लागते, पंप लागतात, अखंड वीज लागते. आपल्याकडे वीज गेली की व्हॅक्यूम गेला, आणि व्हॅक्यूम गेला की दिवस गेला. शिवाय अशी यंत्रणा विकत घेण्याइतका पैसा राज्य विद्यापीठाच्या विभागाकडे नसायचा. त्यामुळे ज्या पद्धतीला बीकर, हॉट प्लेट आणि पीएच मीटर पुरतं, ती पद्धत इथं घर करून बसली. तिचं नाव केमिकल बाथ डिपॉझिशन.

ही पद्धतही जुनीच. डब्लिनचे रसायनशास्त्रज्ञ एमर्सन रेनॉल्ड्स यांनी थायोयुरिया वापरून १८८४ साली काचेवर लेड सल्फाइडचा आरशासारखा थर बसवला होता. कृती जवळून बघण्याजोगी आहे. कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, त्यात अमोनिया घालायचा. आधी पांढरा गढूळपणा येतो, अमोनिया वाढवला की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. आता कॅडमियमचे आयन अमोनियानं धरून ठेवलेत, ते एकदम सुटत नाहीत. मग थायोयुरिया. स्वच्छ धुतलेल्या काचपट्ट्या द्रावणात उभ्या सोडायच्या, ६०-७० अंशांवर तापवायचं आणि ढवळत राहायचं. थोड्या वेळानं द्रावणाला फिकट पिवळी झाक येते, ती गडद होते, आणि पट्टी बाहेर काढून धुतली की काचेला चिकटलेला पिवळा थर दिसतो. कॅडमियम आणि सल्फाइड दोन्ही हळूहळू सुटतात, म्हणून थर नीट बसतो. घाई केली तर सगळं भांड्याच्या तळाशी साका होऊन पडतं. सुताच्या लडी हौदात बुडवून बेताबेतानं रंग चढवणाऱ्या सोलापूरच्या माणसाला हे काम समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

याच कुळातली दुसरी पद्धत सिलार. फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ साली ती मांडली: पट्टी धन आयनांच्या द्रावणात बुडवा, धुवा, ऋण आयनांच्या द्रावणात बुडवा, धुवा, आणि हेच पुन्हा पुन्हा. कोल्हापूरच्या मंडळींनी ती इतकी हाताळली की पठाण आणि लोखंडे यांचा २००४ चा आढावा लेख जगभरच्या सिलार करणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पोचला. त्याच वर्षी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. एकाच जिल्ह्यापुरतं, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचं. कोल्हापुरी वळणाची बीकर-परंपरा इथं आयतीच आली.

आता एक गंमत. १९८० च्या दशकात लोक जे 'थर' बनवत होते, ते नॅनोच होते. पातळ थरांत कण काही नॅनोमीटरचे असत, पण त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. उलट बारीक कण म्हणजे सौर घटाच्या दृष्टीनं दोषच. १९८१ मध्ये रशियात अलेक्सेई एकिमोव्ह यांना रंगीत काचेत कॉपर क्लोराइडच्या बारीक स्फटिकांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो असं दिसलं. १९८३ मध्ये अमेरिकेत लुईस ब्रूस यांना द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत तेच दिसलं. हेच ते आपल्या बीकरमधलं पिवळं कॅडमियम सल्फाइड. मोठ्या स्फटिकात त्याची ऊर्जादरी, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. कण पाच-सहा नॅनोमीटरच्या खाली गेले की इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते आणि दरी रुंदावते, पिवळा फिकट होत जातो. १९८७ मध्ये गॅरी होड्स आणि सहकाऱ्यांनी बाथमधून काढलेल्या कॅडमियम सेलेनाइडच्या थरांतच हा परिणाम दाखवला. तेव्हा बीकरवाल्यांच्या लक्षात आलं की आपण काय बनवत होतो. एकसारखे कण पाहिजे त्या आकाराचे काढण्याची कृती मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये बसवली, आणि २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी या तिघांना मिळालं.

भारत सरकारनं २००१ मध्ये नॅनो विज्ञानासाठी उपक्रम सुरू केला आणि २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटींचं नॅनो मिशन जाहीर केलं. पैसा ज्या शब्दाला मिळतो तो शब्द शीर्षकात येतो, हे सांगायला नको. 'पातळ थर' लिहिणारे 'नॅनोसंरचित पातळ थर' लिहू लागले. यात निम्मं नामांतर होतं, निम्मं खरं. खरं अशासाठी की आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कणांचे आकार दिसू लागले: सळ्या, पाकळ्या, पत्रे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. तरी बरेच निबंध आजही एक्स-रे विवर्तनाच्या रेघेची रुंदी मोजून १९१८ च्या शेरर सूत्रानं आकार काढतात आणि तोच 'कणाचा आकार' म्हणून छापतात. शेरर सांगतो तो स्फटिकाचा आकार. कण अनेक स्फटिकांचा गठ्ठाही असू शकतो. परीक्षकानं हा प्रश्न विचारला की मौखिक परीक्षेत थोडी शांतता पसरते.

सौर घटांकडून पुढे लक्ष वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरकडे वळलं, गॅस सेन्सरकडे वळलं. पृष्ठभाग जितका जास्त तितका विद्युतभार जास्त साठतो, आणि बीकरमधून निघणारे सच्छिद्र थर त्याला अगदी योग्य. या कामावर इथली बरीच मुलं पोस्टडॉकसाठी दक्षिण कोरियात गेली; कोल्हापूर-सोलापूरच्या विभागांत 'कोरियाला गेला' हे वाक्य एके काळी 'मुंबईला गेला' इतकं नेहमीचं झालं होतं.

दुसरा प्रवाह पुण्याहून आला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं २००३-०४ च्या सुमारास बुरशी, जिरेनियमची पानं, कडुनिंबाचा पाला, गवती चहा यांच्या अर्कांतून सोन्या-चांदीचे कण काढून दाखवले. कडक रसायनाऐवजी वनस्पतीतलीच द्रव्यं धातूचं क्षपण करतात आणि कणांना आवरणही देतात. ही पद्धत इतकी सोपी की देशभर तिचा पूर आला. अंगणातलं एकही झाड सुटलं नाही. त्यात डाळिंबाच्या सालीचं मात्र मला अप्रूप आहे, कारण ती टॅनिननं भरलेली असते आणि सोलापूर जिल्ह्यात तिला तोटा नाही. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सालीचा अर्क घातला की द्रावण तपकिरी होत जातं आणि ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू लागतं. ही चांदीच्या कणांची ओळखीची खूण. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून केगावलाच, विद्यापीठाच्या शेजारच्या अंगाला. आणि डाळिंबाचा मोठा शत्रू तेल्या, म्हणजे झँथोमोनास कुळातला जिवाणू. त्याच्यावर तांब्याचे नॅनोकण परिणाम करतात, असं दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. बोर्डो मिश्रण या जुन्या फवारणीच्या औषधातलं तांबं १८८५ पासून फवारलं जातंच आहे; कण बारीक केले तर कमी तांब्यात काम भागेल, इतकाच त्यामागचा हिशेब. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मारणं आणि पावसाळ्यात बागेत पानावर तो थर टिकवणं यांतलं अंतर मात्र बागायतदारच सांगू शकतो.

आता मिथिलिन ब्लू. हा रंग हाइनरिश कारो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत तयार केला. सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली १८७७ ला. दोन्हींचा परस्परांशी संबंध नव्हता, पण पुढे हातमाग, मग यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल यांचं हे गाव रंगाच्या पाण्याचंही गाव झालं. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन केलं. फ्रँक आणि बार्ड यांनी १९७७ मध्ये त्याच पदार्थानं पाण्यातलं सायनाइड नष्ट केलं. तिथून प्रकाशानं पाणी शुद्ध करण्याचा विचार निघाला. गावात ऊन आहे, रंगाचं पाणी आहे, बीकरमधून काढलेला अर्धवाहक आहे. मग प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आपोआप ठरलं.

अडचण इथून पुढे सुरू होते. टायटॅनियम डायऑक्साइडची ऊर्जादरी ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला ३८७ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश लागतो; उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ शोधायचे. पण मिथिलिन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरपाशी दृश्य प्रकाश शोषतो, आणि कधी कधी रंगच उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊन स्वतः तुटतो. पाणी फिकं झालं म्हणजे उत्प्रेरकानं काम केलं असं म्हणता येत नाही. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश पकडतं खरं, पण उजेडात स्वतःच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सोडतं. रंग काढायला गेलो आणि विष सोडून आलो, असा तो सौदा.

आणि डाय हाउसमधून, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडणारं पाणी बीकरमधल्या पाण्यासारखं नसतं. सुती मालाला लागणारे रिऍक्टिव्ह रंग, ज्यांचा पहिला संच १९५६ मध्ये बाजारात आला, धाग्यावर पूर्ण बसत नाहीत. उरलेला भाग धुण्यात जातो. गडद छटेसाठी लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ घालतात, वर सोडा. म्हणजे पाणी खारट, पीएच दहाच्या वर, आणि इतकं गडद की प्रकाश दोन-चार बोटांपलीकडे शिरत नाही. रंग तोडणारे हायड्रॉक्सिल मूलक क्लोराइड आणि कार्बोनेट मधल्या मध्ये गिळतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिलिग्रॅम रंग विरघळवून तासाभरात ९५ टक्के फिकं करणारा पदार्थ या पाण्यात बराच वेळ नुसता बसून राहतो.

टॉवेलवर चांदीचे कण बसवून 'जंतुरोधक' माल काढण्याच्या कल्पनेलाही असाच एक जुना धडा आहे. ऍरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये बाजारातले चांदीवाले मोजे धुऊन पाहिले. काहींतली चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली, काहींतली टिकून राहिली. फरक चांदी धाग्यात कशी बसवली याचा होता.

अलीकडच्या निबंधांत म्हणून दोन बदल दिसतात. एक, रंग गेला का यापेक्षा पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला हे मोजलं जातं, कारण रेणूचा रंग देणारा भाग तुटला तरी उरलेले तुकडे पाण्यातच असतात आणि ते मूळ रंगापेक्षा विषारी असू शकतात. दुसरा, पावडरऐवजी काचेवर किंवा कापडावर घट्ट बसवलेला थर वापरला जातो. पावडर पाण्यात छान काम करते, पण नंतर ती गाळून काढायची कशी? हजारो लिटर पाण्यातून वीस नॅनोमीटरचे कण वेगळे करणं रंग काढण्याहून महाग पडतं. थर मात्र उचलून धुता येतो, पुन्हा वापरता येतो, आणि तो बसवायची पद्धत इथल्या विभागांना चाळीस वर्षांपासून पाठ आहे. झिंक ऑक्साइडच्या सळ्यांचा असा थर मिठाच्या, सोड्याच्या खऱ्या पाण्यात वीस-तीस फेऱ्यांनंतर किती उरतो आणि किती जस्त सोडतो, हा आलेख शेवटच्या प्रकरणात आला, तर यंत्रमागवाल्यांनाही तो प्रबंध मागून वाचावासा वाटेल.