वाळूवर वसलेलं न्यूरेंबर्ग आणि तिथं जन्मलेली माणसं

जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावर जिवंत गेंडा होता. हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याचे वकील गुजरातच्या सुलतानाकडे, दुसऱ्या मुजफ्फरशहाकडे, दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला गेले होते. परवानगी मिळाली नाही, गेंडा मिळाला. आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, मानुएलकडे रवाना केला. २० मे रोजी जनावर लिस्बनला उतरलं आणि बघ्यांची झुंबड उडाली, कारण रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात गेंडा दिसलाच नव्हता. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये एका ४४ वर्षांच्या चित्रकाराच्या हातात लिस्बनहून पत्रातून आलेलं वर्णन आणि एक रेखाटन पडलं. त्याने त्यावरून चित्र काढलं, लाकडी ठसा कोरला गेला आणि छापील प्रती बाजारात आल्या. चित्रकाराचं नाव आल्ब्रेख्ट ड्यूरर. गेंडा त्याने आयुष्यात कधी पाहिला नाही.

चित्रात चुका आहेत. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या दिसतात, आणि मानेमागे एक जादा शिंग आहे, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. तरीही पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या पुस्तकांमधून हाच गेंडा फिरत राहिला. मला यात जास्त नवल वाटतं ते पत्राचं. न्यूरेंबर्ग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथली पेग्निट्झ नदी एवढी लहान, की तिच्यातून मालाची गलबतं जात नाहीत. अशा गावात लिस्बनची ताजी बातमी का पोचावी? त्याचं उत्तर शोधताना तिथं जन्मलेल्या बहुतेक मोठ्या माणसांचं कोडं उलगडतं.

शहराचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं १०५० साली. सम्राट तिसऱ्या हाइनरिखने झिगेना नावाच्या एका दासीला दास्यातून मुक्त केलं, त्या लेखात. शहराच्या जन्मदाखल्यावर एका मुक्त झालेल्या बाईचं नाव असावं, हे मला फार मोलाचं वाटतं. १२१९मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रीडरिखने शहराला सनद दिली. त्या सनदेतच कारण नमूद आहे: इथं द्राक्षमळे नाहीत, जलवाहतूक नाही, जमीन अतिशय कठीण. म्हणून इथल्या लोकांना सवलती हव्यात. वाळूत शेती पिकेना आणि नदी माल वाहीना, तेव्हा उरले दोन मार्ग: हाताने वस्तू घडवायच्या आणि रस्त्याने दूरदूर नेऊन विकायच्या. पितळकाम, सुऱ्या, कुलपं, तारा, मोजमापाची यंत्रं. ‘न्यूरेंबर्गचा माल मुलखभर जातो’ अशा अर्थाची म्हण जर्मन भाषेत झाली.

दुसरी गोष्ट कारागिरांच्या श्रेणींची. युरोपातल्या बहुतेक शहरांत कोणी काय बनवायचं, किती शिष्य ठेवायचे, हे कारागिरांच्या संघटना ठरवत. न्यूरेंबर्गमध्ये १३४८-४९ला कारागिरांनी उठाव केला. तो मोडल्यावर मोजक्या व्यापारी घराण्यांच्या हातातल्या नगरपरिषदेने या श्रेणींवरच बंदी घातली. कारागिरांचा राजकीय आवाज त्याने गेला, आणि तो अन्यायच होता. पण चित्रकलेसारखे काही धंदे ‘मुक्त कला’ म्हणून कुठल्याही श्रेणीच्या कुंपणाबाहेर राहिले. बाहेरगावचा माणूस येऊन हात दाखवू शकत होता. ड्यूररचा बाप असाच हंगेरीहून १४५५मध्ये आलेला सोनार.

याच वर्षांत शहराने आणखी एक गोष्ट केली आणि ती विसरून चालणार नाही. डिसेंबर १३४९मध्ये ज्यू वस्तीवर हल्ला होऊन साडेपाचशेहून अधिक माणसं मारली गेली. वस्ती पाडून तिथं बाजारचौक केला आणि सिनेगॉगच्या जागी मेरीमातेचं चर्च उभं राहिलं. ते अजून आहे. पुढे पुन्हा वसलेल्या ज्यूंना १४९९मध्ये हाकलून दिलं, ते १८५०पर्यंत. म्हणजे शहराच्या भरभराटीच्या काळातल्या नामवंतांच्या यादीत ज्यू नाव सापडत नाही, त्याचं कारण नगरपरिषदेच्या हुकमात आहे. ती माणसं काही किलोमीटरवरच्या फ्युर्टमध्ये जन्मत राहिली. पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झालेल्या हेन्री किसिंजरचा जन्म १९२३चा, तोही फ्युर्टचाच.

आता कागद. उल्मान श्ट्रोमर हा इथल्याच व्यापारी घराण्यातला, जन्म १३२९. इटलीत कागद कसा होतो हे त्याला ठाऊक होतं. १३९०मध्ये त्याने पेग्निट्झच्या काठी पाणचक्कीवर चालणारा कागदाचा कारखाना काढला, जर्मन मुलखातला पहिला. याच शहरात जन्मलेला वैद्य हार्टमान शेडेल याने शंभर वर्षांनी जगाचा इतिहास लिहिला, इथल्याच आंटोन कोबर्गरने तो १४९३मध्ये छापला आणि इथल्याच मिखाएल वोल्गेमुटच्या कारखान्यातून त्याची चित्रं निघाली, अठराशेहून जास्त. कोबर्गर हा ड्यूररचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा जबाबदार वडीलधारा. वोल्गेमुट हा त्याचा गुरू. १४८६पासून तीन वर्षं पोरगा त्याच्याकडे शिकला. ड्यूरर आकाशातून पडला नाही. त्याच्या पाळण्याच्या आसपास कागद, ठसे, शाई आणि छापखाना तयार होता.

आणि लिस्बन? तिथला दुवा मार्टिन बेहाइमसारख्यांनी जोडला. जन्म १४५९, घराणं कापडव्यापाराचं. तो पोर्तुगालला गेला, तिथंच लग्न करून राहिला. वारसाहक्काच्या कामासाठी गावी परतला असताना नगरपरिषदेच्या पैशांतून त्याने एक पृथ्वीगोल करवून घेतला. अर्ध्या मीटर व्यासाचा हा गोल १४९२चा, आणि आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना पृथ्वीगोल हाच. त्यावर अमेरिका नाही. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये नुसता समुद्र आणि विखुरलेली बेटं. कोलंबस त्याच वर्षी निघाला होता. बातमी यायची होती. हा गोल शहरातल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे १५०५मध्ये पोर्तुगीज सरदार आल्मेदाचा जहाजांचा काफिला हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा त्यात ऑग्सबुर्गच्या धनकोंबरोबर इमहोफ आणि हिर्शफोगेल या न्यूरेंबर्गच्या पेढ्यांचाही पैसा गुंतलेला होता. मिरीचा भाव कळायला हवा, म्हणून लिस्बनला त्यांची माणसं, आणि माणसं म्हणून पत्रं. गेंडा त्या पत्रांतून आला.

गणिती रेगिओमोंटानुस इथला नव्हे, पण १४७१मध्ये तो मुद्दाम या शहरात राहायला आला. एका पत्रात त्याने कारण दिलं आहे: इथं यंत्रं सहज मिळतात, आणि व्यापाऱ्यांच्या ये-जा करण्यामुळे जगभरच्या विद्वानांशी संपर्क राहतो. त्याच वर्षी, २१ मे रोजी ड्यूररचा जन्म झाला.

ड्यूररबद्दल लिहिताना हात आखडता घेणं कठीण आहे. आईबापांना १८ मुलं झाली, मोठेपण पाहिलं तिघांनी. सोनारकामात धातूवर कोरायला शिकलेला हात त्याने तांब्याच्या पत्र्यावर आणला. १५१४च्या ‘मेलेंकोलिया’ या कोरीव चित्रात कोपऱ्यात १६ घरांचा जादूचा चौरस आहे. आडवी, उभी, तिरपी बेरीज ३४, आणि तळच्या ओळीत मधोमध १५ आणि १४ शेजारी, म्हणजे चित्राचं सालच. त्याच वर्षी त्याची आई वारली होती. तिचं मरणापूर्वी काढलेलं कोळशाचं चित्र पाहिलं की त्या रेषांमागचा मुलगा दिसतो. मला सर्वांत आदर वाटतो तो त्याच्या १५२५च्या भूमितीच्या पुस्तकाचा. परकार आणि पट्टी यांनी मापं कशी काढायची, हे त्याने लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्ये लिहिलं, म्हणजे सोनार, गवंडी, सुतार यांना वाचता यावं. शास्त्र पंडितांच्या भाषेतून कारागिराच्या भाषेत आणणारा हा माणूस १५२८मध्ये वारला. योहानिस स्मशानभूमीत त्याची कबर आहे.

त्याच गल्ल्यांमध्ये १४९४ साली हान्स झाक्स जन्मला. शिंप्याचा मुलगा, धंद्याने चांभार. दिवसा जोडे शिवायचे, आणि कारागीर कवींच्या मंडळात गाणी रचायची. नाटकं, प्रहसनं, कवनं मिळून सहा हजारांहून जास्त रचना. १५२३मध्ये त्याने पोपविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक मार्टिन लूथर याला विटेनबर्गची कोकिळा म्हणणारं दीर्घ कवन लिहिलं. १५२७मध्ये एका पोपविरोधी पुस्तिकेतल्या कवनांवरून नगरपरिषदेने त्याला बजावलं: तू आपला जोडे शिवण्याचा धंदा बघ, कवनं छापू नकोस. शहर तोवर स्वतःच लूथरच्या पंथात गेलं होतं, तरी कारागिराने बोलायचं नाही हा दंडक सुटला नव्हता. झाक्स थोडा दबला आणि पुन्हा लिहू लागला. १५७६पर्यंत, वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत जगला.

पेटर हेनलाइन हा कुलपं बनवणारा त्याच पिढीतला. अंगावर वागवता येतील अशी छोटी घड्याळं तो बनवत असल्याची नोंद त्याच्या समकालीन लेखकाने केली आहे, एकदा किल्ली दिली की ४० तास चालणारी. खिशातलं घड्याळ त्यानेच शोधलं, ही मात्र नंतर चढवलेली पदवी.

तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८-४८) शहराचं कंबरडं मोडलं. १६३२मध्ये शहराजवळ स्वीडनचा राजा आणि सम्राटाचा सेनापती वालेनश्टाइन यांच्या फौजा आठवडेच्या आठवडे तळ देऊन होत्या. उपासमार आणि रोगराईने माणसं गेली. व्यापाराचे मार्गही तोवर अटलांटिककडे सरकले होते. या उतरत्या काळात, १६५३मध्ये दारू विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी योहान पाखेलबेल जन्मला. पैसे नसल्याने त्याचं विद्यापीठ वर्षभरातच सुटलं. ऑर्गनवादक म्हणून गावोगाव नोकऱ्या केल्या. एर्फुर्टला असताना योहान सेबास्टियान बाखच्या थोरल्या भावाला शिकवलं. १६९५मध्ये गावी परतून झेबाल्डुस चर्चमध्ये वाजवत राहिला, १७०६मध्ये वारला. आज लग्नसमारंभांत जगभर वाजणारी त्याची ‘कॅनन’ ही रचना जवळजवळ अडीचशे वर्षं कोणाच्या कानावर नव्हती.

त्याच वेळी किल्ल्याच्या बुरुजावर एक मुलगी रात्री जागत होती. मारिया क्लारा आइमार्ट, जन्म १६७६. तिच्या बापाने, गेओर्ग क्रिस्टोफ आइमार्टने, १६७८मध्ये तिथं वेधशाळा काढली होती. ती त्याच्याकडून चित्रकला, गणित आणि दुर्बिणीतून पाहणं शिकली. निळ्या कागदावर रंगीत खडूने तिने चंद्राच्या कलांची अडीचशेहून जास्त चित्रं काढली, प्रत्यक्ष दुर्बिणीतून पाहून. १७०७मध्ये बाळंतपणात ती गेली, वयाच्या ३१व्या वर्षी. ड्यूररच्या नावाने चौक आहे, पुतळा आहे. या मुलीचं नाव जर्मनीतही फारसं कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१८०६मध्ये कर्जात बुडालेलं हे स्वतंत्र शहर बव्हेरियाने गिळलं. मग यंत्रांनी त्याला पुन्हा उभं केलं. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट ही जर्मनीतली पहिली वाफेच्या इंजिनाची प्रवासी गाडी धावली. ज्यांना शहराने बाहेर ठेवलं होतं, त्यांच्याच गावाकडे. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला आपण वापरलेली स्टेडलर पेन्सिलही याच शहराची. तिथं हा धंदा सतराव्या शतकापासूनचा. १८४६मध्ये जन्मलेला झिग्मुंड शुकर्ट अमेरिकेत एडिसनकडे काम करून परतला आणि १८७३मध्ये त्याने वीजयंत्रांचा कारखाना काढला. पुढे त्याचं नाव सीमेन्सशी जोडलं गेलं.

विसाव्या शतकात नाझींनी आपल्या सभांसाठी हेच शहर निवडलं, आणि १९३५चे वंशभेदाचे कायदे इथंच झाले. १८७४मध्ये बांधलेलं मोठं सिनेगॉग हान्स झाक्सच्या चौकात होतं. ऑगस्ट १९३८मध्ये ते पाडायला घेतलं गेलं, देशभरच्या नोव्हेंबरच्या जाळपोळीआधीच. २ जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर उद्ध्वस्त झालं. त्या ढिगाऱ्यांतून पुढे आलेला माक्स मोरलॉक, जन्म १९२५, फुटबॉलपटू. १९५४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरी दोन गोलांनी पुढे असताना जर्मनीचा पहिला गोल त्याचा. शहराचं मैदान आता त्याच्या नावाने आहे. केटे श्ट्रोबेल (जन्म १९०७) पश्चिम जर्मनीची आरोग्यमंत्री झाली आणि शाळांत लैंगिक शिक्षण पोचावं यासाठी झगडली.

आर्नो हांबुर्गर याच शहरात १९२३मध्ये, ज्यू घरात जन्मला. १९३९मध्ये त्याला पॅलेस्टाइनला पळावं लागलं. १९४५मध्ये तो ब्रिटिश फौजेच्या गणवेशात परत आला तेव्हा आईवडील जिवंत सापडले. नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत त्याने दुभाष्याचं काम केलं आणि तो तिथंच राहिला. शहरातल्या ज्यू समाजाचं अध्यक्षपद त्याने अनेक वर्षं सांभाळलं. १९७२मध्ये तो नगरपरिषदेवर निवडून गेला. ज्या परिषदेच्या हुकमाने १४९९मध्ये ज्यूंना वेशीबाहेर काढलं होतं, तिच्या सभागृहात तो २०१३मध्ये मरेपर्यंत बसत होता.