सहा चाकं आणि दोन मीटर खालची माती

परवाच्या विमानप्रवासात चाकं टेकली तसे शेजारचे काका म्हणाले, "एवढा दणका बसतो म्हणजे धावपट्टीखाली लोखंडच घालत असणार." अनेकांचा असाच समज असतो. खरं तर उतरताना इंधन बरंचसं संपलेलं असतं, पंखांनी थोडा भार अजून तोललेला असतो आणि दणका क्षणभराचा असतो. धावपट्टीची खरी परीक्षा होते ती पूर्ण इंधन भरून, उड्डाणाच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या विमानाखाली. उन्हात मऊ पडलेल्या डांबराला तर सावकाश जाणारं ओझं जास्तच दाबतं. म्हणूनच टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते) आणि धावपट्टीची टोकं मजबूत करण्यावर भर असतो.

आता आकडे पाहू. बोइंग ७७७-३००ईआरचं उड्डाणावेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन. त्यातलं जवळजवळ ९५ टक्के मागच्या दोन बोग्यांवर (बोगी म्हणजे एकत्र जोडलेल्या सहा चाकांचा संच), म्हणजे १२ चाकांवर येतं. एका चाकाच्या वाट्याला साधारण २८ टन! टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोच्या आसपास दाबाची. आपल्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन. हे २८ टन जेमतेम जेवायच्या पाटाएवढ्या जागेवर टेकलेले असतात.

खाली जाताना हा भार पसरत जातो. कसा, ते फ्रेंच गणितज्ञ बूसिनेस्क यांनी १८८५ मध्ये मांडलं: एका बिंदूवरच्या भाराचा बरोबर खालचा दाब खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. एकसारखी माती धरली, तर १ मीटरवर आपल्या चाकाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.३ किलो उरतो आणि २ मीटरवर फक्त ०.३३.

पण चाक एकटं नसतं, आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत इथेच आहे. बोगीच्या मधोमध, चाकांच्या दोन रांगांमध्ये, पृष्ठभागावर दाब शून्य, कारण तिथे चाकच नाही. ३० सेंटिमीटर खाली गेलात तर ०.३ किलोच्या जवळपास. आणि २ मीटरवर? सहाही चाकांचे दाब तिथे एकमेकांत मिसळतात. बेरीज भरते ०.९ किलो! म्हणजे या जागी खाली जाताना दाब आधी वाढतो आणि मग ओसरतो. वरच्या थराला सहा वेगळी चाकं जाणवतात, खोल मातीला मात्र एकच रुंद ओझं. रुंद ओझ्याचा दाब खोलवर पोचतो. वरचे थर ताठ असतील तर तो आणखी पसरतो; चिखलावर फळी टाकून चालावं तसं.

१९९५ मध्ये ७७७ सेवेत आलं, तेव्हा हे मिसळणं किती धरायचं हाच पेच होता. चार चाकांच्या बोग्यांवर बेतलेलं जुनं सूत्र सहा चाकांसाठी धावपट्टीच्या थरांची नको इतकी जाडी सांगत होतं. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ १९९९ मध्ये छपराखाली २७४ मीटर लांबीची चाचणी-धावपट्टी सुरू झाली. तिथे एका पट्ट्यावर सहा आणि शेजारच्या पट्ट्यावर चार चाकं हजारो वेळा फिरवून, फरसबंदी मोडेपर्यंत मोजमाप केलं गेलं.

शेवटी सगळं येऊन ठेपतं मातीवर. तिची ताकद सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) चाचणीने मोजतात: साच्यात ठोकून भरलेली माती चार दिवस पाण्यात भिजवायची, मग सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तिच्यात हळूहळू दाबायचा. तो अडीच मिलिमीटर शिरायला प्रमाण खडीत १३७० किलो लागतात; आपल्या मातीत त्याच्या किती टक्के लागले, तो तिचा सीबीआर. आपल्या काळ्या कपाशीच्या मातीचा सीबीआर भिजल्यावर अनेकदा २-३ टक्क्यांवर येतो, म्हणजे ४० किलोही पुरतात. सातवी-आठवीतल्या मुलाचं वजन! भूमिपूजनाला नारळ जरूर फोडावा, पण त्याने माती घट्ट होत नाही. ती उकरून काढावी लागते किंवा तिच्यात चुना मिसळावा लागतो, आणि पावसाचं पाणी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच चरांतून बाहेर काढावं लागतं.