अँटिबॉडी लिम्फोमावर चालते, हे कळलं कसं?

लिम्फोमाच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘एक ट्रायल सुरू आहे, तुम्ही त्यात बसता’ असं सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का?’ प्रश्न रास्त आहे. ‘घाबरू नका हो’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. रिटुक्सिमॅब या औषधाची हकिकत माहीत असली, तर त्याचं खरं उत्तर देता येतं.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत, जांघेत गाठ येते आणि बहुधा ती दुखत नाही. आपल्याकडे ती कधी कधी टीबीची गाठ समजली जाते आणि बायोप्सी होईपर्यंत महिने निघून जातात. बहुतेक लिम्फोमा बी-पेशींचे, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका प्रकाराचे, असतात. गंमत अशी की शरीरात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवण्याचं काम याच पेशींच्या घराण्याकडे असतं.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हुबेहूब एकसारख्या अँटिबॉडी प्रयोगशाळेत हव्या तेवढ्या बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड लेव्ही यांनी ती लिम्फोमावर वापरली. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतल्या पेशींवर एक खूण असते, ती फक्त त्याचीच. त्या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी उंदराच्या पेशींपासून बनवायची आणि रुग्णाला द्यायची. १९८१ मध्ये ज्याला ती पहिल्यांदा दिली, त्याच्या गाठी विरघळल्या. पण एकेका माणसासाठी वेगळं औषध बनवायला महिने लागत, आणि तेवढी सवड कर्करोग देत नाही.

मग सगळ्यांना चालेल असं लक्ष्य शोधणं आलं. सीडी-२० हे बी-पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन त्या कामी आलं. अस्थिमज्जेतल्या ज्या मूळपेशींपासून रक्त तयार होतं त्यांच्यावर ते नसतं आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवरही जवळजवळ नसतं. त्यामुळे औषधाने निरोगी बी-पेशींचाही सफाया झाला, तरी साधारण सहा-नऊ महिन्यांत त्या परत येऊ लागतात. माझ्या मते या औषधाच्या यशाचं निम्मं श्रेय या लक्ष्याच्या निवडीला आहे.

सॅन दिएगोच्या आयडेक कंपनीने सीडी-२० ला चिकटणारी अँटिबॉडी बनवली, तीच रिटुक्सिमॅब. आजार उलटलेल्या १६६ रुग्णांना आठवड्याला एक असे चार डोस दिले, तेव्हा ४८ टक्के रुग्णांच्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या किंवा नाहीशा झाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगाच्या उपचारासाठी तिथे मान्यता मिळालेली ही पहिली मोनोक्लोनल, म्हणजे हुबेहूब एकसारख्या प्रतींची, अँटिबॉडी.

पहिला डोस मात्र धीराने घ्यावा लागतो. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात. सलाईन ताशी ५० मिलिग्रॅमने सुरू होतं आणि दर अर्ध्या तासाला वेग वाढवतात. तेवढ्यात हुडहुडी भरली, ताप चढला, तर नर्स ते थांबवते आणि थोड्या वेळाने हळू वेगाने पुन्हा सुरू करते. सकाळी डेकेअरला गेलेला माणूस संध्याकाळीच घरी येतो.

गाठी लहान होणं वेगळं आणि माणूस जगणं वेगळं. लिम्फोमाचा जो सर्वाधिक आढळणारा, झपाट्याने वाढणारा प्रकार आहे, त्यावर १९७० च्या दशकापासून ‘चॉप’ ही चार औषधांची केमो देत. तिच्याहून कडक मिश्रणं करून पाहिली, पण त्यांनी जास्त माणसं वाचली नाहीत. मग फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी ६० ते ८० वयाचे ३९९ रुग्ण घेतले. १९७ जणांना नुसती चॉप, २०२ जणांना चॉप आणि रिटुक्सिमॅब. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, डॉक्टरांच्या मर्जीने नाही. २००२ मध्ये निकाल आला : दोन वर्षांनी नुसत्या चॉपवरचे ५७ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ७० टक्के. दहा वर्षांनी हेच आकडे सुमारे २८ आणि ४४ होते.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. होय, प्रयोगच असतो. पण ज्यांना नवं औषध मिळालं नाही त्यांना पाण्याची सुई टोचली नव्हती, त्या वेळची सर्वोत्तम केमो दिली होती. भारतात अशी चाचणी सुरू होण्याआधी तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते आणि नीतिसमितीची परवानगी लागते. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत असायला हवं. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं आणि चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. हे सगळं विचारायचा हक्क आहे, तो बजावा.

चाचण्या ‘नाही’ही म्हणतात, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. ओबिनुटुझुमॅब ही सीडी-२० वरचीच पुढची अँटिबॉडी प्रयोगशाळेत रिटुक्सिमॅबपेक्षा सरस होती. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमाच्या १,४१८ रुग्णांत दोघींची तुलना झाली, तर फरक पडला नाही. संथ वाढणाऱ्या फॉलिक्युलर लिम्फोमात मात्र तिने आजार जास्त काळ थोपवला.

दरम्यान २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. आता एका हाताने कर्करोगाची पेशी आणि दुसऱ्या हाताने रोगप्रतिकारक टी-पेशी धरणाऱ्या दुहेरी अँटिबॉडीही आल्या आहेत. ब्लिनाटुमोमॅब त्यांतली ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरची.

काही गोष्टी औषध अनेकांच्या शरीरात गेल्यावरच कळतात. रिटुक्सिमॅबने यकृतात दबून राहिलेला हिपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो, म्हणून आता आधी त्याची रक्ततपासणी करतात. मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगावरच्या डाराटुमुमॅब या अँटिबॉडीने वेगळाच पेच टाकला. ती सीडी-३८ ला चिकटते आणि हे प्रथिन थोडंफार लाल पेशींवरही असतं. त्यामुळे रुग्णाला रक्त चढवण्याआधी ब्लड बँकेत ते जुळवून पाहिलं, की कुठलीही बाटली जुळत नाही असंच दिसतं. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हे चालू शकतं. रसायन वापरून तो अडथळा दूर करता येतो, पण वेळ जातो. म्हणून पहिला डोस देण्याआधीच रक्तगट आणि अँटिबॉडी तपासून ठेवतात. हे औषध चालू असलेल्या रुग्णाने तसं लिहिलेलं कार्ड खिशात ठेवावं आणि कुठल्याही हॉस्पिटलात दाखल होताना ते आधी दाखवावं.