हॅरी डीन स्टँटन : नायक व्हायला लागलेली तीस वर्षं

१९५०च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-दरोडेखोरांच्या मालिकांचं पेव फुटलं. एकट्या 'गनस्मोक'चेच वीस वर्षांत ६३५ भाग झाले. मालिकेतला मार्शल, म्हणजे कायद्याचा अंमलदार, ठरलेला असायचा, पण त्याच्या हाती लागणारा चोर किंवा घाबरलेला साक्षीदार दर आठवड्याला नवा हवा. चरित्र अभिनेत्यांची चूल या जागांवर पेटायची. हॅरी डीन स्टँटन त्यांतलाच एक.

जन्म १९२६चा, केंटकी राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात आचारी, जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईतही होता. परतल्यावर केंटकी विद्यापीठात नाटकाचा नाद लागला आणि तिथून त्याने कॅलिफोर्नियातलं पॅसाडिना प्लेहाउस हे नाट्यगृह गाठलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. असल्या चेहऱ्याला त्या काळी नायकाचं काम कोण देणार?

१९६६च्या 'राइड इन द व्हर्लविंड'ची पटकथा त्याचा मित्र जॅक निकल्सनची. त्यात स्टँटनला दरोडेखोरांच्या म्होरक्याचं काम मिळालं, आणि सोबत एक सल्लाही : तू काही करू नकोस, अभिनय कपड्यांना करू दे. हा किस्सा स्टँटन पुढे मुलाखतींत सांगायचा.

त्या सल्ल्याचं फळ 'एलियन'मध्ये (१९७९) दिसतं. अंतराळयानावरचं मांजर शोधत तो एका उंच, अंधाऱ्या दालनात येतो. वरून पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो, तोंड वर करतो आणि पाणी चेहऱ्यावर घेत नुसता उभा राहतो. पुढच्या मिनिटाला मरणार आहे, पण लक्षात राहतं ते हे उभं राहणं.

मुख्य भूमिका आली ती १९८४मध्ये, दिग्दर्शक विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सास'मध्ये. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. सुरुवातीला बराच वेळ त्याच्या तोंडी शब्दच नाही. नंतर काचेपलीकडच्या बायकोला फोनवरून तो स्वतःचीच गोष्ट दुसऱ्या कुणाची असल्यासारखी सांगतो, आणि इतकी वर्षं साठवलेलं सगळं तिथे बाहेर येतं. चित्रपटाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'पाम द'ऑर' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्टँटन मात्र पुन्हा दुय्यम भूमिकांकडेच वळला. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने तर नियमच मांडला होता : ज्यात स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श (असाच एक चरित्र अभिनेता) दुय्यम भूमिकेत आहे, तो चित्रपट अगदीच वाईट असू शकत नाही.

सप्टेंबर २०१७मध्ये एक्क्याण्णव्या वर्षी तो गेला. दोनच आठवड्यांनी अमेरिकेत 'लकी' लागला. त्यात तो नायक, तोही नौदलातला जुना आचारी. समोर बसून ओकिनावाच्या आठवणी सांगणारा म्हातारा सैनिक झालाय टॉम स्केरिट, 'एलियन'मधला यानाचा कॅप्टन.