गर्भारपणातलं अपेंडिक्स : पार्श्वभूमी

'सातवा महिना लागलाय, आता पोटाला सुरी नको. बाळंतपण होऊन जाऊ दे.' असं म्हणणाऱ्या सासूबाईंची भीती खोटी नाही. एकेकाळी डॉक्टरही हेच म्हणत.

1848 साली लंडनमध्ये हेन्री हॅनकॉक यांनी आठव्या महिन्यात आजारी पडलेल्या एका तिशीतल्या बाईच्या पोटातला पू चिरा देऊन काढला. ती वाचली आणि पुढे जखमेतून विष्ठेचा एक खडा बाहेर आला. असं दुखणं अपेंडिक्सपासून सुरू होतं, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी ठामपणे मांडलं ते 1886 मध्ये, म्हणजे तब्बल 38 वर्षांनी.

1908 मध्ये अमेरिकेतले सर्जन एडमंड बॅब्लर यांनी नेमकं बोट ठेवलं : या बायका दगावतात त्या उशिरामुळे. मला हे या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं. अपेंडिक्स फुटण्याआधी काढलं तर गर्भ गमावण्याचा धोका थोडाच असतो. फुटून पू पसरला की तो कित्येक पटींनी वाढतो.

उशीर तरी का व्हायचा? मळमळ, उलट्या तर दिवस गेल्यावर होतातच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही गर्भारपणात एरवीच वाढलेल्या असतात, त्यामुळे त्यांवरूनही आजार ओळखता येत नाही. मग 'गॅस असेल, ओवा चाव' म्हणण्यात दोन दिवस जातात. त्यात 1932 मध्ये शिकागोत गर्भवतींना बेरियम (एक्स-रेत आतडं दिसावं म्हणून पाजतात ते द्रव्य) देऊन एक्स-रे काढले गेले आणि वाढत्या गर्भाशयाबरोबर अपेंडिक्स वर सरकतं असं ठरलं. पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. पुढच्या अभ्यासांत मात्र बहुतेकींना शेवटच्या महिन्यांतही उजव्या बाजूला खालीच दुखतं, असं दिसलं.

गर्भवतीचे असे एक्स-रे आज कुणी काढणार नाही. पोटातल्या बाळावर पडलेले क्ष-किरण आणि बालपणातला कर्करोग यांचा संबंध ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी 1956 मध्ये दाखवला. दोनच वर्षांनी ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सोनोग्राफीची वाट उघडली. सोनोग्राफीत नीट दिसलं नाही, तर आता एमआरआय आहे.

दुर्बिणीतून अपेंडिक्स पहिल्यांदा काढलं ते 1980 मध्ये जर्मनीतल्या कील इथे, कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी. तरीही गर्भवतीला दुर्बीण बरीच वर्षं वर्ज्य होती. 1990 नंतर ती धास्ती हळूहळू ओसरली. आता टेबल थोडं डावीकडे कलतं करतात, म्हणजे गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येत नाही आणि बाळाचा रक्तपुरवठा टिकतो. पहिलं छिद्र कुठे घ्यायचं, हे गर्भाशय किती वर आलंय ते हाताने चाचपून ठरवतात.