निऑन पाटीतला वायू ‘संपतो’ हा गैरसमज

अमेरिकेतील रूट 66 सारख्या जुन्या महामार्गांवर एखाद्या मोटेलची निऑन पाटी विझलेली दिसली, की तिच्यातील वायू जळून संपला आणि ती आता कायमची गेली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे आणि पाटी भंगारात काढण्यासाठी तो सोयीचे निमित्त ठरतो, म्हणून त्याचा खुलासा आवश्यक वाटतो.

निऑन हा निष्क्रिय वायू असल्याने तो पाटीच्या काचेच्या नळीत जळतच नाही; हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाने त्याचे अणू उत्तेजित होतात आणि पूर्वस्थितीत परतताना लालसर नारिंगी प्रकाश देतात. (निळ्या पाट्यांत बहुधा आर्गॉन आणि किंचित पारा असतो.) पाटी बंद पडते ती प्रामुख्याने ट्रान्सफॉर्मर बिघडल्यामुळे, तारांचे आवरण झिजल्यामुळे किंवा काचेला तडा जाऊन आत हवा शिरल्यामुळे. तडा गेलेली नळीसुद्धा कुशल कारागीर ज्योतीवर सांधतो, आतील हवा पंपाने काढतो, नळी तापवून अशुद्धी बाहेर घालवतो आणि नव्याने वायू भरतो. काच पूर्ण फुटली असेल तर नवी नळी वाकवावी लागते. तरीही नळ्यांमागचा रंगवलेला मूळ पत्रा वाचवता येतो, आणि माझ्या मते पाटीचे निम्मे व्यक्तिमत्त्व त्या पत्र्यातच असते.

याच तंत्राच्या आधारे स्थानिक नागरिक आणि दुकानमालक पाट्या पुन्हा उजळवत आहेत. रूट 66 वरील अशा काही कामांना तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेचे अनुदानही मिळाले आहे. उच्च विद्युतदाबामुळे पाटीची तपासणी आणि दुरुस्ती मात्र जाणकारांकडूनच करून घ्यावी.